महेश्वरच्या घाटावर गिंबल थरथरतो, मोटर तापते आणि क्षितिज कलते : बॅलन्सिंगमध्ये चूक कुठे होत असावी?

माळवा फ्रेम (सोमवार, रात्री ९.४०)

सर्वांना नमस्कार. मी इंदूरला साऊथ तुकोगंज भागात राहतो आणि लग्नसमारंभांबरोबर माहितीपट व लघुपटांचे छायाचित्रण करतो. गेल्या आठवड्यात एका लघुपटासाठी आम्ही महेश्वरला दोन दिवस होतो. तिथे आलेली अडचण सविस्तर लिहितो, कारण पुढच्या महिन्यात त्याच जागी उरलेले काम करायचे आहे आणि तोवर मला याचे मूळ सापडायलाच हवे.

प्रसंग असा होता की नायिका किल्ल्याच्या दरवाजातून बाहेर पडून अहिल्या घाटाच्या पायऱ्या उतरत थेट नर्मदेच्या पाण्यापर्यंत जाते आणि कॅमेरा तिच्या मागोमाग, किंचित खाली पाहत, अखंड चालतो. गिंबल, म्हणजे मोटरच्या जोरावर कॅमेरा स्थिर धरणारे उपकरण, भाड्याने आणलेला होता. तो तीन अक्षांचा (टिल्ट म्हणजे वर-खाली झुकणे, रोल म्हणजे बाजूला कलणे, पॅन म्हणजे डावी-उजवीकडे वळणे) असून त्याची भारक्षमता ४.५ किलो आहे. त्यावर सुमारे ७०० ग्रॅमची बॉडी, सुमारे ८८० ग्रॅमची २४-७० मिलिमीटरची झूम लेन्स, प्रकाश कमी करणारा व्हेरिएबल एनडी फिल्टर आणि वर छोटा माइक, असे सगळे मिळून १.८ किलोच्या आसपास वजन होते, म्हणजे क्षमतेच्या निम्म्याहूनही कमी. मॉनिटर हँडलवर लावून त्याची एचडीएमआय केबल कॅमेऱ्यापर्यंत नेली होती.

अडचणी तीन आल्या. लेन्स ७० वर नेली की चित्रात बारीक थरथर दिसे. तासाभराने टिल्टची मोटर हाताला चटका बसेल इतकी तापली आणि गिंबलने इशारा द्यायला सुरुवात केली. तिसरी गोष्ट मला अधिक बुचकळ्यात टाकणारी आहे : वर दरवाजापाशी क्षितिज सरळ असे, पण पायऱ्या उतरताना कॅमेरा खाली झुकवला की नदीचा पलीकडचा काठ उजवीकडे उतरता दिसे.

बॅलन्सिंग, म्हणजे गिंबलवर कॅमेरा सरकवून वजन समतोल करणे, मी आदल्या रात्री खोलीवर वीस मिनिटे घालवून केले होते. पूर्वी मी हातात धरायचा, मोटर नसलेला स्टॅबिलायझर वापरत असे. त्या सवयीने कॅमेरा किंचित खालून जड ठेवला, म्हणजे तो आपला आपण सरळ उभा राहतो. हे बरोबर होते ना?

मल्हारी (सोमवार, रात्री १०.०५)

बॅलन्स केल्यानंतर ऑटो ट्यून, म्हणजे गिंबलने वजनाप्रमाणे मोटर आपोआप जुळवून घेणे, चालवले होते का? मोटरची ताकद, म्हणजे स्टिफनेस, किती ठेवली होती?

माळवा फ्रेम (सोमवार, रात्री १०.१२)

ऑटो ट्यून रात्रीच चालवले होते. स्टिफनेसला मी हात लावला नाही, जी आली ती तशीच राहू दिली. सकाळी फिल्टर, माइक आणि केबल लावल्यानंतर मात्र ट्यून पुन्हा केले नव्हते, हे तुमच्या प्रश्नामुळे लक्षात आले.

जुना ऑपरेटर (मंगळवार, सकाळी ७.३०)

माळवा फ्रेम, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीचा बराच गुंता तिथूनच सुरू झालेला आहे. खालून जड ठेवणे गिंबलसाठी बरोबर नाही. स्टेडीकॅम हा अंगावर घेऊन चालवायचा, मोटर नसलेला रिग, त्याच्या स्लेडसाठी (म्हणजे कॅमेरा, मॉनिटर आणि बॅटरी बसवलेल्या दांड्यासाठी) ते बरोबर आहे, तुमच्या जुन्या हातातल्या स्टॅबिलायझरसाठीही बरोबर होते, पण मोटरच्या गिंबलला तोच नियम लावला की तो दिवसभर स्वतःच्याच ओझ्याशी झुंजत राहतो.

गॅरेट ब्राऊन यांनी १९७० च्या दशकात स्टेडीकॅम तयार केला तेव्हा त्यांच्याजवळ मोटर नव्हती. त्यांनी कॅमेरा दांड्याच्या वरच्या टोकाला आणि मॉनिटर व बॅटरी खालच्या टोकाला नेऊन वजन दूर दूर पसरवले. वजन असे पसरले की जडत्व वाढते, रिगला वळवायला वेळ लागतो आणि हाताचे बारीक धक्के कॅमेऱ्यापर्यंत पोहोचत नाहीत. १९७६ साली प्रदर्शित झालेल्या एका अमेरिकन चित्रपटात ते स्वतः हा रिग अंगावर घेऊन क्रेनवर बसले, क्रेन खाली आली आणि ते उतरून त्याच शॉटमध्ये गर्दीतून चालत गेले. १९७८ मध्ये या शोधाला ऑस्कर मिळाले. त्या रिगमध्ये उभे राहण्याची जाणीव फक्त गुरुत्वाकर्षणाकडून येते, म्हणूनच स्लेडचा खालचा भाग अगदी थोडा जड ठेवतात.

मोटरच्या गिंबलमध्ये सरळ कुठे आहे हे जायरोस्कोप आणि ॲक्सिलरोमीटर सांगतात आणि मोटर त्याप्रमाणे कॅमेरा धरून ठेवते. फ्रीफ्लाय कंपनीने २०१३ मध्ये मूव्ही एम१० आणला आणि पुढच्याच वर्षी डीजेआयचा रोनिन आला, तेव्हापासून ही पद्धत आपल्याकडे लग्नाच्या शूटिंगपर्यंत पोहोचली आहे. इथे कॅमेऱ्याचा गुरुत्वमध्य तिन्ही अक्षांच्या छेदबिंदूवर बसला पाहिजे. तो तिथे बसला म्हणजे कॅमेरा कोणत्याही कोनात सोडा, तिथेच थांबतो, आणि मोटरला फक्त तुमच्या हाताचे धक्के झेलायचे राहतात.

तुमच्या १.८ किलोच्या कॅमेऱ्याचा गुरुत्वमध्य टिल्टच्या अक्षाखाली फक्त ५ मिलिमीटर राहिला, असे धरू. लेन्स समोर पाहत असताना काहीच जाणवणार नाही, उलट कॅमेरा छान उभा आहे असे वाटेल. लेन्स जितकी खाली किंवा वर झुकेल तितका भार मोटरवर येईल. पूर्ण नव्वद अंशात तो भार अक्षापासून १० सेंटीमीटरवर ९० ग्रॅमचे वजन सतत टांगून ठेवल्याइतका होतो, आणि घाटावरचा तुमचा झुकाव ३० अंश धरला तर त्याच्या निम्मा. तो तासभर, एकाच दिशेने, एकाच मोटरने पेलला. शिवाय लंबकासारखा लोंबणारा कॅमेरा पायरीवर पाऊल आदळताच पुढेमागे झोका घेऊ पाहतो आणि तो झोका थांबवण्याचे कामही त्याच मोटरच्या वाट्याला येते. ती तापली यात तिचा दोष नाही.

क्षमता ४.५ किलोची असल्याने १.८ किलो म्हणजे किरकोळ, असेही समजू नका. ती क्षमता बॅलन्स झालेल्या वजनाची असते.

नारायणबागकर (मंगळवार, सकाळी ११.१५)

काकांनी तत्त्व सांगितले आहे. मी गिंबल टेक्निशियन म्हणून काम करते, त्यामुळे प्रत्यक्ष हाताने काय करायचे ते लिहिते, कारण यात घाई केली की पुढचे सगळे बिघडते.

सर्वांत आधी कॅमेरा ज्या अवस्थेत शूट करणार आहे त्याच अवस्थेत आणायचा. बॅटरी आत, कार्ड आत, फिल्टर लावलेला, लेन्सचे झाकण काढलेले, स्क्रीन उघडून वापरणार असाल तर उघडलेली, माइक बसवलेला आणि केबल जोडलेली. झाकणाचे वजन क्षुल्लक वाटते, पण ते लेन्सच्या अगदी पुढच्या टोकाला असते आणि तिथला प्रत्येक ग्रॅम बॉडीजवळच्या ग्रॅमपेक्षा जास्त मोलाचा असतो. तुम्ही आदल्या रात्री ज्या कॅमेऱ्याचा बॅलन्स केला आणि सकाळी जो चालवला, ते दोन निरनिराळे कॅमेरे होते.

त्यानंतर गिंबल बंद ठेवून सगळी लॉक लावायची आणि फक्त टिल्टचे उघडायचे. लेन्स समोर रोखून हळूच हात सोडायचा. नाक खाली गेले तर प्लेट (कॅमेरा जिच्यावर बसतो ती पट्टी) मागे, वर गेले तर पुढे. बहुतेक लोक इथेच थांबतात आणि तुम्हीही बहुधा इथेच थांबला असाल. आता लेन्स सरळ आकाशाकडे करायची. ती तिथून मागे, म्हणजे आपल्या अंगाकडे, कलू लागली तर वरचे वजन जास्त आहे. पुढे पडून पुन्हा समोर पाहू लागली तर खालचे जास्त आहे. त्याप्रमाणे प्लेटची उंची बदलायची. ही दुसरी तपासणी केली नाही तर खालून जड असलेला कॅमेरा पहिल्या तपासणीत सहज उत्तीर्ण होतो, कारण तो लोंबून स्थिर राहतो आणि आपल्याला वाटते की बॅलन्स झाला. खूण एकच लक्षात ठेवा : लेन्स ४५ अंशात वर आणि मग ४५ अंशात खाली ठेवून हात काढला, आणि दोन्ही वेळा ती तिथेच थांबली, तरच टिल्ट झाला.

मग रोलचे लॉक उघडून कॅमेरा डावीकडे पडतो की उजवीकडे ते पाहायचे आणि त्याप्रमाणे तो आर्मवर (गिंबलच्या दांडीवर) सरकवायचा. बॉडीच्या एका बाजूला माइक किंवा हँडल असेल तर इथे अर्धा-एक सेंटीमीटर सहज जातो. शेवटी पॅन : पॅनचे लॉक उघडून अख्खा गिंबल हँडलसह जवळजवळ आडवा करायचा आणि आर्म आपोआप झुलतो का ते पाहायचे. सपाट जमिनीवर उभ्या गिंबलमध्ये पॅनची चूक कळतच नाही. तुम्ही पायऱ्या उतरताना गिंबल पुढे झुकवून धरला असणार, आणि मग ती चूक अचानक पुढे येते. पॅन झाला की टिल्ट पुन्हा एकदा पाहून घ्यायचा आणि त्यानंतरच ऑटो ट्यून.

आता तुमच्या कलत्या क्षितिजाविषयी. माझ्या मते याचा बॅलन्सशी थेट संबंध नाही. वर सरळ आणि खाली झुकवल्यावर कलते, हे लक्षण नेमके आहे. कॅमेरा प्लेटवर एकाच पाव इंची स्क्रूवर बसवला असेल आणि तो थोडा फिरला असेल, तर लेन्सची दिशा टिल्टच्या अक्षाला काटकोनात राहत नाही. समोर पाहताना ते दिसत नाही, फक्त फ्रेम जराशी बाजूला जाते आणि आपण ती पॅन करून दुरुस्त करतो. मात्र टिल्ट केला की त्या फिरलेल्या कोनाचा काही हिस्सा रोलमध्ये उतरतो. कॅमेरा ३ अंश फिरलेला असेल आणि तुम्ही ३० अंश खाली झुकवला, तर क्षितिज साधारण दीड अंश कलते. नदीचा लांब, सरळ काठ फ्रेममध्ये असताना दीड अंश कोणाच्याही डोळ्यांत भरतो. प्लेटच्या कडेला जो लहानसा टेकू असतो तो बॉडीला घट्ट भिडवून मगच स्क्रू आवळा. हाताने नको, नाण्याने किंवा स्क्रू ड्रायव्हरने.

मल्हारी (मंगळवार, दुपारी १.२०)

ताई, क्षितिजासाठी मी आजवर प्रत्येक वेळी सेन्सर कॅलिब्रेट करत आलो. फिरलेल्या प्लेटचा विचारच केला नव्हता.

नारायणबागकर (मंगळवार, दुपारी १.३५)

कॅलिब्रेशनही लागते, पण सपाट जागीसुद्धा क्षितिज कलत असेल तेव्हा. त्या वेळी गिंबल पूर्ण स्थिर पृष्ठभागावर हवा. घाटाच्या पायरीवर, मांडीवर किंवा गाडीच्या बॉनेटवर ठेवून कॅलिब्रेट केले तर चूक आत जाऊन बसते.

फेरीवाला (मंगळवार, सायंकाळी ५.५०)

थोडे वेगळे मत मांडतो. आजकालच्या गिंबलच्या मोटर इतक्या ताकदवान आहेत की मी प्लेट साधारण मध्यावर ठेवतो, चालू करतो आणि काम होते. लग्नाच्या धावपळीत लेन्स बदलली की प्रत्येक वेळी एवढी उस्तवार करायला वेळ कुणाजवळ असतो? आणि फुटेजमध्ये तरी मला कधी खोट दिसलेली नाही.

जुना ऑपरेटर (मंगळवार, रात्री ८.४५)

फेरीवाला, तुमची वेळेची अडचण खरी आहे आणि ती मी नाकारत नाही. तरी याच्याशी मी सहमत नाही आणि त्याचे कारण सांगणे मला आवश्यक वाटते.

मोटरची ताकद ही एक शिल्लक आहे. कॅमेरा नुसता उभा धरण्यातच तिचा मोठा भाग खर्च झाला, तर तुमच्या पावलाचा धक्का किंवा वाऱ्याचा झोत आल्यावर द्यायला तिच्याजवळ फारसे उरत नाही. रुंद लेन्सवर, मंगल कार्यालयाच्या सपाट फरशीवर, हे कळणार नाही. ७० मिलिमीटरवर, पायऱ्यांवर, नक्की कळते. बॅटरीही लवकर संपते.

थरथरीचे गणित याहून थोडे वेगळे आहे. सेन्सरला हालचाल कळते, मोटर उलट धक्का देते, पुन्हा हालचाल कळते, पुन्हा धक्का, असे हे चक्र सेकंदात शेकडो वेळा फिरते. या चक्राच्या मध्ये कुठेही सैलपणा असला, मग ती प्लेट असो, लेन्सचा माउंट असो किंवा कॅमेऱ्यावर डुगडुगणारा मॉनिटर असो, तर मोटर एका क्षणाने मागे पडलेल्या हालचालीला उत्तर देत राहते आणि ते उत्तरच कंप होऊन बसते. स्टिफनेस जास्त असेल तर हे लगेच घडते. म्हणून माझी पद्धत अशी : बॅलन्स आणि ट्यून झाल्यावर गिंबलच्या आर्मवर बोट टेकवायचे आणि स्टिफनेस वाढवत जायचे. बोटाला मुंग्यांसारखी गुणगुण जाणवू लागली की तिथून मागे येत ती पूर्ण थांबेपर्यंत कमी करायचे. कानाला ऐकू येण्याच्या बरेच आधी ती बोटाला कळते.

लेन्स बदलण्याच्या वेळेवर उपाय आहे. घरी एक संध्याकाळ बसून प्रत्येक लेन्ससाठी प्लेटचे, रोलचे आणि पॅनचे आकडे काढून ठेवा. आर्मवर मोजपट्टी कोरलेली असते ती याचसाठी. मग बदलायला दोन मिनिटे पुरतात.

माळवा फ्रेम (गुरुवार, रात्री १०.३०)

काका, ताई, तुम्ही दोघांनी लिहिलेले दोन-दोनदा वाचून काल आणि आज प्रयोग केले. निष्कर्ष क्रमाने लिहितो.

काल रात्री गिंबलची बॅटरी काढून टाकली आणि घाटावर होता तसाच, आकडे न बदलता, कॅमेरा बसवला. लेन्स आकाशाकडे करून हात सोडला तर ती क्षणभर थांबली आणि मग ठाम वेगाने पुढे येऊन समोर पाहू लागली. खालचे वजन एवढे असेल याची मला कल्पनाच नव्हती. प्लेट ६ मिलिमीटर वर घेतल्यावर ती आकाशाकडे थांबली. त्यानंतर ४५ अंश खाली झुकवून सोडली, तर पुन्हा हळूहळू वर येऊ लागली. मला कळेना, कारण दोन्ही तपासण्या झाल्या होत्या.

शेवटी मी दिवा जवळ आणून नुसते पाहत बसलो, आणि ती केबल दिसली. मॉनिटरची एचडीएमआय केबल जाड होती, आणि लेन्स खाली गेली की ती कॅमेऱ्याच्या कडेला ताठ होऊन बॉडीला मागे ओढत होती. केबल काढली तर कॅमेरा ४५ अंशांत जागच्या जागी थांबला. पुन्हा लावली तर पुन्हा वर आला. ते मी चार-पाच वेळा करून पाहिले, कारण एवढीशी वायर हे करते यावर विश्वास बसत नव्हता. आता बारीक, मऊ केबल आणली आहे. तिचा एक सैल वळसा टिल्टच्या अक्षाजवळून घेऊन आर्मला टेपने बांधला आहे, त्यामुळे ती कॅमेऱ्याबरोबर वळते, ओढत नाही.

झूमचा प्रश्न राहिला. माझ्या लेन्सची नळी ७० वर पुढे सरकते, त्यामुळे २४ वर केलेला बॅलन्स ७० वर नाकाने जड होतो. घाटावर थरथर फक्त ७० वर का दिसत होती याचे एक कारण हेही असावे, असे मला वाटते.

प्लेटचे ताई म्हणाल्या तसेच निघाले. बॉडी स्पष्ट दिसेल इतकी तिरकी होती. टेकू भिडवून आवळल्यावर आज पहाटे राजवाड्यासमोर गेलो. रस्ता रिकामा होता. सात मजली दर्शनी भाग समोर घेऊन, कॅमेरा वरपासून खालपर्यंत टिल्ट करत चाललो. लाकडी सज्जांच्या आडव्या रेषा वरच्या मजल्यापासून खालपर्यंत फ्रेमच्या कडेला समांतर राहिल्या. पाऊण तास चालवूनही टिल्टची मोटर कोमट होती.

नारायणबागकर (गुरुवार, रात्री ११.०५)

वाचून फार बरे वाटले. केबलचे तुम्ही स्वतः शोधून काढलेत, ते आमच्यापैकी कुणीही इथे बसून सांगू शकले नसते.

झूमसाठी : शॉट ज्या फोकल लेंथवर होणार आहे तिथेच बॅलन्स करा. एकाच शॉटमध्ये झूम वापरायचा असेल तर मधल्या, म्हणजे साधारण ५० च्या, जागेवर बॅलन्स करून दोन्ही टोकांची चूक वाटून घ्या. मला विचाराल तर घाटाच्या त्या शॉटसाठी ३५ ची प्राइम, म्हणजे झूम नसलेली, लेन्स घ्या आणि नायिकेच्या जवळून चाला. चौकट जवळपास तीच ठेवून पावलांचा हेलकावा पुष्कळ कमी दिसेल.

हेलकाव्याचा विषय निघालाच आहे तर हेही लक्षात असू द्या की तीन अक्षांचा गिंबल कोन सांभाळतो, उंची सांभाळत नाही. प्रत्येक पायरीला कॅमेरा जो वर-खाली होतो तो कितीही उत्तम बॅलन्सने जाणार नाही. त्यासाठी गुडघे वाकवून, टाच आधी टेकवून पाऊल सावकाश पुढच्या भागावर आणायचे, कोपरे अंगापासून सुटी ठेवायची, आणि मागे एका विश्वासू माणसाला कमरेचा पट्टा धरायला सांगायचे. घाटाच्या पायऱ्या पाण्याजवळ शेवाळलेल्या असतात. या बाबतीत हयगय करू नका.

विद्यार्थी इंदूर (शुक्रवार, दुपारी १२.१०)

मी माध्यमशास्त्राचा विद्यार्थी आहे. आमच्याकडे वेस्ट (अंगात घालायचे जाकीट) आणि स्प्रिंग-आर्मचा (त्याला जोडलेल्या स्प्रिंगच्या भुजेचा) स्टेडीकॅम प्रकारचा जुना रिग आहे. स्थिर असताना त्याचा बॅलन्स नीट लागतो, दांडा सरळ उभा राहतो. पण जोरात पॅन केला की दांडा भोवऱ्यासारखा कलंडत फिरतो आणि क्षितिज डोलते. काकांनी स्लेडविषयी लिहिले आहे म्हणून इथेच विचारतो. वेगळा धागा काढायला हवा असेल तर तसे करीन.

जुना ऑपरेटर (शनिवार, सकाळी ८.००)

वेगळ्या धाग्याची गरज नाही. माळवा फ्रेमच्या पायऱ्यांच्या शॉटलाही शेवटी आर्मच उपयोगी पडेल, कारण ताईंनी म्हटलेली उंचीची हालचाल स्प्रिंग-आर्म झेलतो.

तुमचा स्थिर बॅलन्स झाला आहे, गतिमान बॅलन्स राहिला आहे. दांडा उभा असणे याचा अर्थ पुढचे आणि मागचे वजन सारखे आहे एवढाच. पण ती वजने वेगवेगळ्या उंचीवर आहेत. रिग फिरू लागला की प्रत्येक वजन बाहेर जाऊ पाहते, आणि वरचे एका बाजूला व खालचे दुसऱ्या बाजूला ओढू लागले की दांडा कलतो.

पहिले काम कॅमेऱ्याचा गुरुत्वमध्य शोधण्याचे. टेबलावर गोल पेन्सिल ठेवा, कॅमेरा त्याच्या लांब प्लेटसह तिच्यावर आडवा ठेवा आणि पुढेमागे सरकवत जा. एक क्षण असा येतो की कॅमेरा पेन्सिलीवर दोन्हीकडे सारखाच डुलतो. तिथे प्लेटच्या कडेला पांढऱ्या टेपची बारीक पट्टी लावा. माझ्या प्रत्येक प्लेटवर अशी पट्टी आहे. आता स्लेडवर चढवताना ही खूण दांड्याच्या मध्याच्या अगदी वर ठेवू नका, मध्याच्या मागे साधारण पाऊण इंच ठेवा. मग स्थिर बॅलन्स कॅमेरा सरकवून न करता बॅटरी पुढेमागे करून पूर्ण करा, आणि दांडा फिरवून पाहा. पाऊण इंच हा आरंभबिंदू आहे. तिथून दोन-दोन मिलिमीटरने पुढेमागे करत जायचे.

कॅमेरा मागे का, हे समजून घेतले तर आकडा पाठ करावा लागत नाही. मॉनिटर पुढे असतो आणि दिसायला सोपा जावा म्हणून बॅटरीपेक्षा उंचावर बसवलेला असतो. बॅटरी मागे, सर्वांत खाली. फिरताना खालून बॅटरी मागे ओढते, आणि मॉनिटर उंचावर असल्याने तिला पुरेसे उत्तर देऊ शकत नाही. ते उत्तर वरून कॅमेऱ्याने द्यायचे असते, आणि ते तो दांड्याच्या मागच्या बाजूला असेल तरच देऊ शकतो. मॉनिटर आणखी वर चढवलात तर कॅमेरा आणखी मागे न्यावा लागेल. मॉनिटर बॅटरीच्या बरोबरीने खाली आणलात तर कॅमेरा जवळजवळ मध्यावर येईल.

त्यानंतर ड्रॉप टाइम. स्लेड आडवा धरून सोडायचा आणि तो उभा होईपर्यंतचा वेळ मोजायचा. दोन ते तीन सेकंद असावेत. एका सेकंदात उभा राहिला तर खालचे वजन फार आहे आणि चालायला सुरुवात करताना व थांबताना तो झोके खाईल, मग गिंबलची कडी (स्लेड ज्यावर टांगलेला असतो तो सांधा) दांड्यावर किंचित खाली आणायची. पाच-सहा सेकंद लागले तर कडी किंचित वर न्यायची. किंचित म्हणजे खरोखर किंचित, एकेक मिलिमीटर.

हे सगळे स्टँडवर स्लेड टांगून करा, अंगावर घेऊन नको.

आणि एक स्वतःचा अनुभव. एका कामात दुपारी बॅटरी संपली आणि सहायकाने दुसऱ्या बनावटीची चढवली, दिसायला तशीच, पण १५० ग्रॅम हलकी. ती दांड्यापासून २५ सेंटीमीटरवर होती. वरचा कॅमेरा ५ किलोचा. हिशेब करून पाहा : तो कॅमेरा साडेसात मिलिमीटर मागे घेतल्याखेरीज दांडा उभा राहणार नव्हता. मी तो घेतला नाही, कारण मला बॅटरीच वेगळी आहे हे माहीत नव्हते. संध्याकाळपर्यंत मी डाव्या हाताच्या बोटांनी पुढे पडणारा स्लेड सावरत राहिलो, बोटे आखडली, आणि फुटेजमध्ये प्रत्येक थांब्याला क्षितिज हलकेच डोलताना दिसले. ते शॉट पुन्हा घेता आले नाहीत. तेव्हापासून प्रत्येक बॅटरीवर मी तिचे वजन लिहून ठेवतो.

फेरीवाला (शनिवार, सायंकाळी ६.३०)

काका, मंगळवारी मी जे लिहिले त्यानंतर घरी जाऊन माझा गिंबल बंद करून पाहिला. सगळ्या लेन्स नाकाने जड निघाल्या. आकडे काढून वहीत उतरवले आहेत.

एक प्रश्न आहे. रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, राजवाड्यापाशी शूट करायचे असते आणि गुलाल सगळीकडे असतो. मी गिंबलवर पॉलिथिन गुंडाळतो. त्याने बॅलन्स बिघडतो का?

नारायणबागकर (शनिवार, रात्री ९.२०)

पॉलिथिनचे वजन नगण्य आहे, पण ते आर्मच्या सांध्यांना घासते आणि त्या जाड केबलसारखेच कॅमेऱ्याला धरून ओढते. माळवा फ्रेमने शोधलेली हीच गोष्ट. वाऱ्यात ते शिडासारखे फुगतेही. आवरण दोन वेगवेगळ्या तुकड्यांचे करा : एक फक्त कॅमेरा आणि लेन्सला अंगाबरोबर टेपने बसवलेला, दुसरा हँडल आणि बॅटरीला. मधले आर्म उघडे राहू द्या आणि मोटरच्या फटींवर कागदी टेपची पट्टी अशी लावा की फिरणाऱ्या भागाला ती चिकटणार नाही. आवरण घातल्यानंतर बंद गिंबलवर ४५ अंशांची तपासणी पुन्हा करा. काम संपल्यावर मऊ ब्रशने झाडा, फुंकर मारू नका, गुलाल आत जातो.

माळवा फ्रेम (पुढील महिना, रविवार, रात्री ८.१५)

आज महेश्वरहून परतलो. ३५ ची प्राइम, मऊ केबल, टेकूला भिडवलेली प्लेट. मानपूरच्या पुढचा घाटरस्ता उतरताना गाडीत कॅमेरा चढवलेला ठेवला नाही, आकडे वहीत होते, तिथे पोहोचल्यावर सात मिनिटांत बॅलन्स झाला. ऊन चढायच्या आत शॉट घ्यायचा म्हणून सहालाच घाटावर होतो. दुपारी नदीवरून जो वारा येतो त्याच्यासाठी थर्मोकोलचे दोन मोठे तक्ते नेले होते, ते उघडावे लागले नाहीत.

दरवाजापासून पाण्यापर्यंतचा शॉट चौथ्या प्रयत्नात झाला. पहिले तीन माझ्या पावलांमुळे गेले, गिंबलमुळे नाही. चौथ्यात पलीकडचा काठ वरपासून खालपर्यंत आडवा राहिला आणि शेवटच्या पायरीवर नायिका थांबली तेव्हा कॅमेराही तिच्याबरोबर थांबला, मागे झोका आला नाही. शॉट संपल्यावर मी टिल्टच्या मोटरवर तळहात ठेवला. ती सकाळच्या हवेइतकीच गार होती.

पट्टा धरणारा मित्र तिसऱ्या प्रयत्नात घसरला होता. खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. पुढच्या वेळी त्याच्यासाठी रबरी तळाचे बूट नेणार आहे.